ओलं पोवळं

१

कच्च्या मालाचं वजन घेणं हे माझं सकाळचं पहिलं काम. मांडणीवर वाळत ठेवलेल्या मालातला एखादा नग उचलायचा, काट्यावर ठेवायचा आणि भिंतीवरच्या पाटीवर खडूनं आकडा लिहायचा. आकडा रोज उतरतो. एके दिवशी तो उतरायचा थांबतो. म्हणजे मातीतलं पाणी संपलं, आता भट्टीत घालायला हरकत नाही. ओला नग भट्टीत गेला तर आतल्या पाण्याची वाफ होते आणि तो फुटतो. एकटा फुटत नाही, शेजारचे दहा घेऊन जातो.

मी वाल्मीक सुपडू माळी, राहणार सोनगीर. नरडाण्याच्या औद्योगिक वसाहतीत चिनी मातीचे फ्यूज करणारा एक छोटा कारखाना होता. तिथल्या भट्टीवर मी एकोणीस वर्षं काढली. सांगतोय ते अठ्ठ्याण्णव सालच्या मे महिन्यातलं. पारा पंचेचाळिसाच्या खाली उतरत नव्हता. दोरीवर टाकलेला ओला टॉवेल दुसरा कपडा पिळेपर्यंत पत्र्यासारखा कडक होत होता.

यशोधरा बैसाणे बाई धुळ्याच्या एका मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवायच्या. वय पस्तिशीच्या आसपास, लग्न केलेलं नव्हतं, घरी म्हातारी आई. मातीकामाचं शिक्षण बडोद्याला झालेलं. धुळ्यात एक नवं सभागृह बांधून होत आलं होतं आणि त्याच्या दर्शनी भिंतीचं काम बाईंना मिळालं होतं. त्यांनी ठरवलं, भिंतीवर समुद्र करायचा. लाटा नाहीत, होड्या नाहीत, नुसता तळ. पोवळी, शंख, पंख्यासारखी पसरलेली झुडपं. सगळं पांढऱ्या मातीचं आणि पापडासारखं पातळ. समितीतल्या कुणीतरी विचारलं म्हणे, "बाई, खानदेशात समुद्र कशाला?" बाई म्हणाल्या, "इथल्या लोकांनी तो पाहिलेला नाही म्हणून. आणि पाहायला जातील तोवर तो असा राहायचा नाही."

आमच्या मालकांनी त्यांना सुट्टीपुरती जुनी पॅकिंगची खोली दिली. पत्र्याचं छप्पर, एक दार, एक खिडकी, आत तीन मांडण्या. मदतीला आमची द्रौपदाबाई. चाळीस नग झाले, ऐंशी झाले, दोनशे झाले. मी त्यांचंही वजन घेऊ लागलो.

त्यात एक मोठं पोवळं होतं. उपड्या टोपलीएवढं, गोल, वर मेंदूसारख्या वळ्याच वळ्या. आतून पोकळ. शनिवारी त्याचं वजन तीन किलो चारशे ग्रॅम. सोमवारी तीन किलो चारशे साठ. मी काटा पुसला, माप तपासलं, पुन्हा ठेवलं.

मंगळवारी तीन किलो पाचशे तीस.

२

"पाणी मारलं का याच्यावर?" मी द्रौपदाबाईला विचारलं.

"मन्ही मायनी आन भाऊ, मी पानी नही मारं." तिनं कपाळावरचा पदर मागं केला. "दखा ना, बठ्ठा नग कोरडा व्हयना, हाऊ एकच वल्ला शे. मी कालबी दखं, परवाबी दखं."

बाकीचे नग खरंच वाळले होते. या एकाला मी हात लावला. नुसतं ओलं नव्हतं, गार होतं. माठाला बाहेरून हात लावल्यावर लागतं तसं. बाहेर लूच्या झळा सुरू झाल्या होत्या, पत्रा तापून कडकड वाजत होता आणि माझा तळवा गारठत होता.

ओल्या मातीला तडा जाऊ नये म्हणून तिच्यावर ओलं फडकं टाकतात. बाईंनी टाकलं असेल आणि काढून ठेवलं असेल, असं मी धरून चाललो. वळ्यांच्या खाचांत पांढरी बुरशी आल्यासारखं काहीतरी साचलं होतं. तेही मला नवीन नव्हतं. नरडाण्याच्या बोअरचं पाणी जड, त्यातला क्षार मातीच्या अंगावर फुलून येतो. आम्ही मातीवाले माती चाखून पाहतो, ती आमची सवयच. मी बोटावर घेऊन जिभेला लावलं.

मीठ होतं. आमच्या बोअरच्या पाण्याची चव तुरट, तोंडात खडूसारखी राहते. हे तसं नव्हतं. हे जेवणातलं मीठ.

मी पाटीवर आकडा लिहिला, पुढं प्रश्नचिन्ह काढलं आणि कामाला लागलो. एका नगासाठी डोकं किती चालवायचं.

३

बुधवारी आठाला दहा मिनिटं असताना मी खोलीचं दार उघडलं तेव्हा भिंतीवर ओल होती. जमिनीपासून घोट्याएवढ्या उंचीवर, चारही भिंतींना, एका सरळ रेषेत. रेषेखालचा गिलावा काळपट, वरचा कोरडा. जमीन मात्र पूर्ण कोरडी. वाकून हात फिरवला तर धूळ हाताला लागली.

नळ फुटला असता तर जमीन ओली झाली असती. जमिनीतून ओल चढते तेव्हा ती वेडीवाकडी चढते, कुठं हात-दीड हात, कुठं काहीच नाही. ही दोरी धरून आखल्यासारखी. मी पाहत उभा राहिलो तोवर ती पुसट होऊ लागली, आणि नऊपर्यंत भिंती होत्या तशा झाल्या.

गुरुवारी मी मुद्दाम लवकर आलो. आठ वाजता काही नव्हतं. पावणेनऊच्या आत-बाहेर रेषा उमटली. गुडघ्याएवढी.

शुक्रवारी साडेनऊला. कंबरेएवढी.

कारखान्याच्या फाटकावर तोताराम होता. साठीचा माणूस. तरुणपणी मुंबईच्या गोदीत बारा वर्षं हमाली करून परत आलेला. दुपारी त्याच्याजवळ बसून मी हे बोललो. भुताटकी म्हणून नाही; पाण्याची टाकी त्याच्या ताब्यात, पंप तो चालवतो, म्हणून विचारलं की पंपाची वेळ रोज बदलतोस का.

तोताराम विडी विझवून कानावर ठेवत म्हणाला, "टाइम काय काय व्हता, परत सांग."

मी सांगितलं. त्यानं बोटं मोजली.

"रोज पाऊन घंट्याले जरा वर उशीर. हाई भरती शे, वाल्मीक. समुद्र रोज असाच उशीर करीसन येस. गोदीमा आम्हनं बठ्ठं काम त्याच टाइमवर चालाचं."

"आबा, समुद्र शे कोठे आठे?" मी हसलो.

तो हसला नाही. "तेच तं मी इचारी ऱ्हायनू," तो म्हणाला. मग बोटांवर पुढं मोजत, "सोमवारे पुनव शे. पुनवले सर्वास्मा मोठी येस. बाराले."

मी उठून भट्टीकडे गेलो. गोदीत राहिलेल्या माणसाला जिकडे तिकडे गोदी दिसणार, असं मनाला सांगितलं. पण हिशेब मीही करून पाहिला. सोमवारी, बारा वाजता. घोटा, गुडघा, कंबर. उद्या छाती. रविवारी कारखाना बंद. आणि मग सोमवार.

४

त्या संध्याकाळी एसटीत बाई माझ्या शेजारच्या बाकावर होत्या. मी सोनगीरला उतरायचो, त्या पुढं धुळ्याला जायच्या. एरवी खिडकीतून बाहेर पाहत गप्प बसायच्या. त्या दिवशी मीच विषय काढला.

"बाई, ते मोठं पोवळं वाळत नाहीये."

"माहीत आहे."

"आतून जाड राहिलं असेल तर पोखरून घेऊ."

"जाड नाही." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांखाली काळं झालं होतं. "वाल्मीकभाऊ, तुम्ही त्याला कान लावून पाहिला का?"

मी नाही म्हणालो.

मग त्यांनी सांगितलं. बडोद्याला शिकत असताना त्यांच्या वर्गाची सहल गुजरातच्या किनाऱ्यावर गेली होती. तिथं ओहोटीला पाणी कोसभर मागं हटतं आणि तळ उघडा पडतो. माणूस चपला घालून समुद्राच्या तळावरून चालू शकतो. पायांखाली जिवंत पोवळी. जांभळी, हिरवी, मधासारखी पिवळी.

"आणि आवाज होता," बाई म्हणाल्या. "फोडणीत मोहरी तडतडते ना, तसा. सगळीकडून. मी एका खड्ड्यात हात घातला आणि मुठीएवढं जांभळं पोवळं मोडून घेतलं. चित्र काढायला हवं होतं म्हणून. ओल्या रुमालात गुंडाळलं. गाडीत बसेपर्यंत ते राखाडी झालं. वसतिगृहाच्या खिडकीत सकाळी पाहिलं तर पांढरं. हाडासारखं."

"जीव गेला त्याचा."

"हो. आता तर मोडावंही लागत नाही. मासिकात वाचलं मी, पाणी जरा जास्त तापलं की मैलच्या मैल तसंच पांढरं पडतं. उभं असतं, आकार तोच असतो, आत कुणी नसतं." त्यांनी स्वतःचे तळवे उलटून पाहिले. "ते मोठं मी करत होते ना, तेव्हा माझे हात मला विचारत नव्हते. मी फक्त माती पुरवत होते."

कलावंत माणसं असं बोलतात. मी मान हलवली. सोनगीरचा किल्ला दिसू लागला तसा मी पिशवी घेऊन उठलो. उतरताना मागं पाहिलं. बाई खिडकीच्या काचेला कान लावून बसल्या होत्या. गाडी उन्हानं रापलेल्या माळातून निघाली होती. ऐकण्यासारखं बाहेर काही नव्हतं.

५

एक गोष्ट मी बाईंना गाडीत सांगितली नव्हती. आदल्या दिवशी आणि त्या सकाळी मी त्यांना खिडकीतून पाहिलं होतं.

गुरुवारी पावणेनऊला त्या मांडणीपासून टेबलाकडे चालल्या होत्या. दोन्ही हातांनी साडी गुडघ्यांपर्यंत उचलून धरलेली. एकेक पाऊल चाचपून टाकत होत्या. नदी उतरताना बायका टाकतात तसं. खाली कोरडी फरशी. टेबलाजवळ पोहोचून त्यांनी साडी सोडली नाही, उंच स्टुलावर बसल्या आणि पाय वर घेतले. मग ब्रश उचलून काम सुरू केलं. स्वतःच्या लक्षातही आलं नसावं.

शुक्रवारी साडेनऊला त्यांनी साडी उचलली नव्हती. कंबरेएवढ्यात कोण उचलतं. हात दोन्ही बाजूंना थोडे वर, शरीर पुढं झुकलेलं, चालणं संथ. मधेच त्यांचा तोल गेला, पण त्या पडल्या नाहीत. जरा बाजूला सरकल्या, जसं काही त्यांना कुणी हळूच ढकललं, आणि पुन्हा उभ्या राहिल्या.

द्रौपदाबाई माझ्यामागं येऊन उभी होती. ती गुरुवारपासूनच खोलीत जायला तयार नव्हती.

"आठे उभं ऱ्हायनं का मन्हा कान दाटतस, भाऊ," ती कुजबुजली. "हिरीमा बुडी मारावर दाटतस तसा. बाईले सांगा ना, सोडी दे म्हना हाई काम."

"उन्हाचा त्रास आहे त्यांना," मी म्हणालो. "पत्र्याखाली बसतात. लिंबूपाणी दे."

"तुम्हीच द्या," द्रौपदाबाई म्हणाली. "मी नही जास आत."

६

शनिवारी सकाळी पोवळ्याचं वजन मी घेतलंच नाही. मला एकट्याला ते उचलेना.

मी बाईंना म्हणालो होतो की आज दहानंतर खोलीत थांबू नका, ऑफिसात पंख्याखाली बसून रेखाटनं करा. त्यांनी हो म्हटलं होतं. सव्वादहाला मी भट्टीचा तेलाचा नळ पाहत होतो आणि द्रौपदाबाई अंगणातून ओरडत आली. शब्द कळले नाहीत. मी धावलो.

दार आतून लोटलेलं होतं, कडी नव्हती. तरी ते उघडेना. कुणीतरी पलीकडून पाठ लावून उभं असावं तसं दडपण. मी खिडकीशी गेलो.

भिंतींवरची रेषा छातीपर्यंत आली होती. बाई खोलीच्या मधोमध होत्या. त्यांचा पदर खाली पडलेला नव्हता. तो त्यांच्याभोवती पसरून, छातीच्या उंचीवर आडवा, सावकाश हलत होता. सैल झालेली वेणीही तशीच, टोकाकडून वर. पंखा बंद होता. त्यांनी चेहरा छताकडे केला होता, हनुवटी उंच, तोंड उघडं. जणू टाचा उचलून पाण्यावर तोंड काढून श्वास घेत होत्या.

मी आणि तोतारामनं खांदा लावून दार उघडलं. उघडलं तेव्हा काही बाहेर आलं नाही. पाणी नाही, वारं नाही. फक्त पदर एकदम खाली पडला आणि बाई कोसळल्या. आम्ही त्यांना ओढून सावलीत आणलं. त्या खोकत होत्या, पोटापासून. साडी कोरडी, केस कोरडे. ओठांवर मिठाचे पांढरे कण.

मी भट्टीजवळचा हातोडा आणला. सरळ आत गेलो. मांडणीसमोर उभा राहिलो. ते पोवळं चकचकत होतं आणि कान न लावताही मला ती मोहरी ऐकू आली.

"भाऊ!" बाई दारापर्यंत सरपटत आल्या होत्या. त्यांनी माझा पाय धरला. "फोडू नका. एकदा मोडलंय मी. पाया पडते, फोडू नका."

माझ्या पाया आजवर कुणी शिकलेली बाई पडली नव्हती. मी हातोडा खाली ठेवला.

"बरं, नाही फोडत. पण तुम्ही इथं पुन्हा यायचं नाही."

"सोमवारी येते," बाई म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, हेच मला भयंकर वाटलं. "सोमवारी पुरेसं असेल."

मालकांच्या जीपमधून मी स्वतः त्यांना धुळ्याला घेऊन गेलो. डॉक्टर म्हणाले, ऊन लागलंय. त्यांची आई पार्वताबाई दाराशी मला म्हणाली, "भाऊ, रात्रभर पाणी पाणी करते. दिलं तर पीत नाही. म्हणते, प्यायला नकोय." तिनं माझा हात धरला. "एकुलती एक शे मन्ही. तुम्ही मोठ्या भावासारखे. काहीतरी करा."

७

सोमवारी बुद्धपौर्णिमा होती. पार्वताबाईनं लेकीला सकाळी वंदनेला विहारात न्यायचं कबूल केलं होतं, त्यापुढं ती तिला अडवू शकणार नव्हती. म्हणजे माझ्याकडे दुपारपर्यंतचा वेळ होता.

मी पहाटेच निघालो. सहाला तोतारामनं फाटक उघडलं. आम्ही दोघांनी ते पोवळं गोणपाटात घेऊन, झोळी करून भट्टीपर्यंत नेलं. दोन माणसांना जड जात होतं. गोणपाट ओलं झालं नाही. आत दुसरा काही माल ठेवला नाही. मी दार विटांनी लिंपलं आणि बर्नर पेटवला.

फोडायचं नाही असा शब्द दिला होता. भाजायचं नाही असा दिला नव्हता. मी स्वतःला असंच समजावलं. बाईंनी ते भाजण्यासाठीच तर केलं होतं. पण खरं सांगतो, ते फुटावं असंच मला वाटत होतं. शब्द मोडल्याचा दोष माझ्यावर येऊ नये आणि ते फुटावं.

ओला नग शंभर-दोनशे अंशांच्या दरम्यान फुटतो. आठ वाजता भट्टीच्या तापमानाचा काटा दीडशेवर होता. मी कान देऊन बसलो. काही नाही. नऊला तीनशे. दहाला साडेचारशे. एवढं पाणी गेलं कुठं? भट्टीच्या धुराड्यातून वाफ दिसत नव्हती. खोलीकडे जाऊन आलो. भिंती कोरड्या. साडेअकरालाही कोरड्या. मला वाटलं, जिंकलो.

बाराला पाच मिनिटं असताना तोताराम म्हणाला, "तू दखं का?"

भट्टीच्या दाराला लिंपलेल्या विटांवर ओल होती. सातशे अंशांच्या भट्टीच्या बाहेरच्या अंगाला. रेषा माझ्या डोक्याच्या वर गेली होती आणि अजून चढत होती.

दारात बोटाएवढं भोक असतं, आतला रंग पाहण्यासाठी. त्यात विटेचा बूच. सातशेला आतलं सगळं तांबडं दिसतं. नग तांबडा, भाजक्या मातीच्या फळ्या तांबड्या, भिंती तांबड्या, कशाची कड कुठं संपते कळत नाही. एकोणीस वर्षं मी ते पाहत आलो होतो. मी बूच काढला आणि डोळा लावला.

आत तांबडं नव्हतं.

पोवळं जांभळं होतं. वळ्यावळ्यांतून बोटांच्या नखांएवढी शेकडो तोंडं उघडली होती आणि सगळी एकाच बाजूला झुकत होती, मग दुसऱ्या बाजूला. इतकं सुंदर मी आयुष्यात काही पाहिलं नाही. त्याच्या मागं भट्टीची भिंत असायला हवी होती, तीन हातांवर. ती नव्हती. हिरवट अंधार खाली खाली उतरत गेला होता. आणि त्या उतारावर, खूप लांब, काहीतरी मोठं होतं. आमच्या कारखान्याहून मोठं. ते वळत होतं. सावकाश, झोपेतला माणूस कूस वळतो तसं. वळता वळता थांबलं.

मी डोळा काढला नाही. काढता आला नाही असं म्हणणार होतो, पण ते खोटं होईल.

मग तोतारामनं मला मागं ओढलं आणि मी बर्नर पूर्ण उघडला.

८

भट्टी बुधवारी उघडली. पोवळं अखंड होतं, पांढरंशुभ्र, एका हाताच्या तीन बोटांवर पेलेल इतकं हलकं. तडा नाही, डाग नाही. कान लावला, आवाज नाही. मी ते कागदात गुंडाळलं आणि धुळ्याची गाडी धरली. मनात शब्दांची जुळवाजुळव चालली होती. माफी कशी मागायची.

पार्वताबाईनं हसत दार उघडलं. सोमवारी वंदना झाली, लेक घरी आली, म्हणाली मला नरडाण्याला जायचंय. आई अडवत राहिली. बारा वाजता ती चपला हातात घेऊन उंबऱ्यात उभी राहिली आणि म्हणाली, "आई, मी कुठं निघाले होते?" मग आत येऊन जेवली. पोटभर जेवली. तेव्हापासून छान झोपते.

बाई आतून आल्या. चेहरा भरलेला, डोळे स्वच्छ. "या वाल्मीकभाऊ," म्हणाल्या. मला ओळखलं, कारखाना ओळखला, द्रौपदाबाईची चौकशी केली. मी कागद सोडून पोवळं पुढं ठेवलं.

त्यांनी ते फिरवून पाहिलं. कौतुकानं, पाहुणी म्हणून आलेली बाई पाहते तसं. "सुंदर आहे. कुणी केलंय?"

मला वाटलं रागावल्यात. मग त्यांच्या डोळ्यांत पाहिलं आणि कळलं की नाही. मी किनाऱ्याच्या सहलीचं विचारलं. बडोद्यातलं सगळं त्यांना आठवत होतं: वर्ग, वसतिगृह, मेस, मैत्रिणींची नावं. सहल कुठं गेली होती ते आठवत नव्हतं. "कुठंतरी डोंगरात गेलो होतो बहुतेक," त्या म्हणाल्या. डॉक्टरांनी नंतर सांगितलं की ऊन डोक्यात चढलं की असं एखादं पान फाटून जातं. असेलही. मी डॉक्टर नाही.

भिंत आम्हीच पुरी केली. बाईंच्या कागदांवर प्रत्येक नगाचा नंबर होता, जागा होती. मी, द्रौपदाबाई आणि एक गवंडी. समितीला सांगितलं, बाई आजारी आहेत. जुलैत सभागृह उघडलं त्या दिवशी बाई आईला घेऊन आल्या. पत्रिकेवर, फलकावर त्यांचं नाव होतं. लोक अभिनंदन करत होते आणि त्या संकोचून हसत होत्या, दुसऱ्या कुणाचं पत्र चुकून आपल्या घरी आल्यासारख्या.

गर्दी पांगल्यावर त्या भिंतीसमोर माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. बराच वेळ पाहत होत्या.

"समुद्र असा असतो, भाऊ?"

मी समुद्र पाहिलेला नाही. सोनगीर, नरडाणा, धुळे, एकदा जळगावला मेहुण्याच्या लग्नाला. मला काय ठाऊक बाई, असं म्हणायला मी तोंड उघडलं.

"वर असा असतो," मी म्हणालो. "खाली उतरलं की रंग एकेक करून जातात. आधी तांबडा जातो. मग पिवळा. मग हिरवा. निळा उरतो, तोही फार वेळ नाही. मग थंडी हाडांत शिरते आणि छातीवर हत्तीनं पाय दिल्यासारखं होतं, पण दुखत नाही. तिथं आवाज नाही. वरून बारीक पांढरं काहीतरी पडत राहतं, राखेसारखं. वर जे जे मेलं ते सगळं. वर्षानुवर्षं पडत राहतं."

द्रौपदाबाई हातातलं फडकं तसंच धरून माझ्याकडे पाहत होती. मी थांबायला हवं होतं.

बाई लहान मुलीसारख्या ऐकत होत्या.

"आणि त्याच्या खाली?" त्यांनी विचारलं.

तेही मला माहीत होतं. मी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं.